पन्नास हजारांची वायर आणि हरवलेला अर्थ

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नकोत. ॲम्प्लिफायरची पॉवर कॉर्ड बदलली की गाणं 'खुलतं', बेस 'घट्ट' होतो, तानपुऱ्यामागची शांतता 'अधिक काळी' होते, हे जे काही छातीठोकपणे सांगितलं जातं ते मला साफ अमान्य आहे. कॉर्ड जळकी, सैल किंवा उंदराने कुरतडलेली असेल तर गोष्ट वेगळी. पण धडधाकट, पुरेशा जाडीची, आयएसआय मार्कची साधी कॉर्ड काढून तिथे पन्नास हजारांची, अजगराएवढी जाड, वरून जाळीदार कापड चढवलेली कॉर्ड लावली आणि किशोरीताईंचा आवाज आणखी जवळ आला, असं कोणी म्हणालं तर मी एकच विचारणार, 'न बघता ओळखून दाखवता का?'

तुम्ही म्हणाल, अरे, लोकांचे पैसे, लोकांचे कान, तुझं काय जातं? खरंय. लोक घड्याळांवर लाखो उडवतात, दरवर्षी फोन बदलतात, त्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही. पण महागडं घड्याळ घेणारा निदान असं म्हणत नाही की, या घड्याळात तास जास्त मोठा असतो! इथे मात्र थेट भौतिकशास्त्राच्या नावाने दावे केले जातात, आणि ते खरे मानणारे कोण, तर आपल्यासारखेच लोक. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स, वर एखादी मास्टर्स, दिवसभर ऑफिसात 'पण डेटा काय सांगतो?' असं दुसऱ्याला विचारणारे. शनिवारी ऑडिओच्या शोरूममध्ये शिरताना मात्र हा प्रश्न चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतात.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. या कॉर्ड आणि शील्डिंगच्या गप्पांमध्ये प्लगवरची एक गोष्ट कायम विसरली जाते, ती म्हणजे वरची जाड पिन. अर्थिंगची. तिचा परिणाम आवाजावरही होतो आणि जिवावरही. त्याबद्दल पुढे येतोच. आधी कॉर्डचा निकाल लावू.

तुमच्या हॉलमधल्या सॉकेटपर्यंत वीज कशी येते ते एकदा डोळ्यांसमोर आणा. कोयनेहून निघा किंवा चंद्रपूरहून. चंद्रपूरची काही वीज तर १९९९ साली सुरू झालेल्या लाइनवरून डीसी होऊन, ५०० किलोव्होल्टने, सुमारे ७५० किलोमीटर प्रवास करत पडघ्याला येते आणि तिथे पुन्हा एसी होते. मग सबस्टेशनं, मग ११ किलोव्होल्टची लाइन, मग कोपऱ्यावरचा तो गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर. मग जमिनीखालची केबल, सोसायटीची मीटर रूम, एमसीबी, आणि भिंतीतल्या पाइपातून वीस-पंचवीस मीटर दीड किंवा अडीच एमएमची वायर, बिल्डरला जी स्वस्तात मिळाली ती. शेवटी तुमचा स्विचबोर्ड, ज्यातला स्क्रू वायरमनने जेवायच्या सुट्टीआधी घाईघाईत आवळलेला. एवढ्या सगळ्यातून पार पडलेल्या विजेवर शेवटच्या दीड मीटरमध्ये संस्कार करायचे आणि ती एकदम खानदानी होणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावर कॉर्डवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं. 'ॲम्पच्या बाजूने बघा, हा शेवटचा मीटर नाही, पहिला मीटर आहे!' ऐकायला भारी वाटतं. पण वायरींचे रेझिस्टन्स सिरीजमध्ये असतात आणि सिरीजमध्ये कोण आधी, कोण नंतर याला काडीची किंमत नसते. बेरीज तीच येते. करूनच बघू ना ही बेरीज. पाऊण एमएमच्या साध्या कॉर्डचा रेझिस्टन्स मीटरला साधारण २६ मिलिओहम. दीड मीटरची कॉर्ड म्हणजे जायचं-यायचं मिळून तीन मीटर तांबं, म्हणजे सुमारे ७८ मिलिओहम. तुमचा ॲम्प २३० वॅट खेचतोय असं समजा (एवढ्यात शेजारी दार वाजवायला आलेले असतील). म्हणजे करंट झाला १ अँपिअर आणि कॉर्डमध्ये वाया गेलं ०.०८ व्होल्ट. २३० पैकी! ॲम्प करंट सलग न खेचता झटक्याझटक्याने खेचतो हे मान्य. त्या झटक्याची उंची पाचपट धरा, तरी अर्धा व्होल्टसुद्धा होत नाही. भिंतीतली वीस मीटर दीड एमएमची वायर याच्या सहापट रेझिस्टन्स घालून बसलीये, तिच्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. आणि शेजारचा एसी किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होतो तेव्हा व्होल्टेज याहून कितीतरी जास्त हलतं.

मग गाणं का हलत नाही? कारण स्पीकर भिंतीतल्या विजेवर चालतच नाही. ॲम्पच्या आत आधी ट्रान्सफॉर्मर, मग रेक्टिफायर, मग मोठे कपॅसिटर असतात. कपॅसिटर म्हणजे बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी समजा. म्युनिसिपालटीचं पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं, पण तुमच्या नळाला पाणी टाकीतून येतं. ही टाकी सेकंदाला १०० वेळा भरली जाते. तिच्यापुढे ॲम्पचं सर्किट असतं, आणि सप्लायमधली उरलीसुरली लहर आवाजात उतरू न देणं हे त्या सर्किटच्या डिझाइनरचं रोजचं काम असतं. आता टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपाचा शेवटचा फूटभर तुकडा चांदीचा केला म्हणून शॉवरचं पाणी गोड लागेल का? दीड मीटर वायर बदलल्याने ज्या ॲम्पचा आवाज बदलतो तो ॲम्प बिघडलेला आहे. तो परत करा, कॉर्ड कसली घेताय!

बरं, विजेतली 'घाण' खोटी आहे असं मी म्हणत नाही. मोबाईलचे चार्जर, एलईडी बल्ब, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळे वायरीत काही ना काही कचरा टाकत असतात. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू झाला की पंखा आणि जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प कसे घुरघुरतात ते लोडशेडिंग बघितलेल्या कोणालाही माहीत आहे. पण हा कचरा तारेतूनच चालत येतो. शील्ड म्हणजे तारेभोवतीची जाळी. ती बाहेरचं आत यायला आणि आतलं बाहेर जायला अडवते. तारेच्या पोटातून जे येतंय त्याला ती काय करणार? रेनकोट पावसापासून वाचवतो, प्यायलेल्या पाण्यापासून नाही. त्या कचऱ्याला फिल्टर लागतो, आणि तो अनेक उपकरणांत कॉर्ड खोचायच्या जागेलाच बसवलेला असतो. या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून आणि एक न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारा. म्हणजे घरात अर्थिंग नसेल तर हा फिल्टर अर्धा पांगळा. शिवाय त्या दोन कपॅसिटरांमुळे उपकरणाची धातूची बॉडी साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहते. लॅपटॉप चार्जिंगला लावून हात फिरवला की ज्या बारीक झिणझिण्या येतात ना, त्या याच जातीच्या. करंट अगदी थोडा असतो, त्यामुळे आपण 'चालतंय' म्हणून सोडून देतो. ही झिणझिण ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

आता शील्डिंग. इथे मी दुसऱ्या पार्टीच्या मित्रांनाही थोडं टोचणार आहे, कारण 'सगळं शील्डिंग म्हणजे बकवास' म्हणणारेही असतात. तसं अजिबात नाही. शील्डिंग कुठे लागतं हे सिग्नल किती लहान आहे आणि तो कुठून कुठे जातोय यावर ठरतं. सीडी प्लेयर किंवा डॅकमधून साधारण २ व्होल्टचा सिग्नल निघतो. रेकॉर्ड प्लेयरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघतो साधारण ५ मिलिव्होल्ट, म्हणजे त्याच्या चारशेव्या हिश्श्याएवढा. मूव्हिंग कॉइल असेल तर अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास. त्यात भर म्हणजे १९५४ पासून चालत आलेल्या आरआयएए इक्वलायझेशनमुळे फोनो स्टेज ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट जास्त उचलते. आणि आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी? बरोब्बर ५० हर्ट्झ! त्यामुळे रेकॉर्ड प्लेयरची केबल नीट शील्ड केलेली नसेल तर गाण्याआधी महावितरण ऐकू येतं. :-) इथे चांगली शील्डेड केबल घ्यायलाच हवी. तीच गोष्ट माइकची. मोठ्या मैफिलीत काही मिलिव्होल्टचा सिग्नल स्टेजपासून मिक्सरपर्यंत पन्नास-पन्नास मीटर वाहून नेतात, आणि तो स्वच्छ पोचतो ते शील्ड, एकमेकींना पिळलेल्या दोन तारा आणि बॅलन्स्ड जोडणी या तिघांच्या जोरावर. यात जादू नाही. साउंडवाल्याच्या पोरालाही हे माहीत असतं.

स्पीकर केबलचं मात्र उलटं. तिथे सिग्नल व्होल्टांमध्ये आणि समोर आठ ओहमचा स्पीकर. या वाटेवर बाहेरच्या फुसकुल्या आवाजाला कोणी विचारत नाही, मग शील्ड कशाला? तिथे लागते फक्त जाडी. दीड एमएमची पाच मीटर केबल घेतलीत तर आठ ओहमच्या स्पीकरवर नुकसान सुमारे ०.१३ डेसिबल. टापकीर गल्लीत मीटरवर मिळते ती वायर. घ्या आणि विषय संपवा.

आणि शील्डेड पॉवर कॉर्ड? तिचा एक फायदा खरा आहे. शेजारून जाणाऱ्या नाजूक केबलवर तिचं इलेक्ट्रिक फील्ड कमी पडतं. पण तेच काम कॉर्ड आणि फोनो केबल यांच्यात वीतभर अंतर ठेवून फुकटात होतं. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या, बस्स. ५० हर्ट्झच्या मॅग्नेटिक फील्डचं म्हणाल तर तांब्याची जाळी त्याच्यापुढे हात टेकते. ५० हर्ट्झला तांब्याची 'स्किन डेप्थ' साधारण ९ मिलिमीटर असते, म्हणजे फील्ड जेमतेम एक-तृतीयांशावर आणायलाही बोटभर जाड तांब्याचा पत्रा लागेल. ही केसाएवढ्या तारांची जाळी काय करणार? कॉर्डमधल्या फेज आणि न्यूट्रलचं फील्ड तसंही एकमेकांना बरंचसं खोडून काढतं, कारण त्या दोघी शेजारी-शेजारी उलट दिशांनी करंट नेतात. खरा त्रास ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचा असतो. रेकॉर्ड प्लेयर ॲम्पच्या डोक्यावर ठेवला असेल तर बाजूला सरकवा. खर्च शून्य.

'पण मला फरक ऐकू येतो त्याचं काय?' हे शेवटचं आणि सगळ्यात लाडकं अस्त्र. अहो, येत असेलच. मी तुम्हाला खोटं ठरवत नाहीये. पन्नास हजार खर्चून, नवी कॉर्ड लावून, दिवे मंद करून, रोज ऐकतो त्याहून चौपट लक्ष देऊन ऐकलं तर जुन्या गाण्यात नवीन काहीतरी सापडणारच. ते गाण्यात आधीपासून होतं, लक्ष आज गेलं. म्हणूनच तर आंधळी चाचणी लागते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये अशा चाचणीसाठीचं उपकरण मांडलं, त्यालाच एबीएक्स म्हणतात. 'ए' ऐका, 'बी' ऐका, मग 'एक्स' ऐका आणि तो दोघांपैकी कोण ते सांगा. बस्स. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने स्पीकर केबलींची चाचणी केली. निघालं काय, तर गाणी ऐकताना महागडी केबल आणि टेबललॅम्पला लावतात ती साधी जाड वायर यांत ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. पातळ वायर तेवढी कमी पडली. म्हणजे जाडी महत्त्वाची, ब्रँड नाही. ओहमचा नियम यापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

पॉवर कॉर्डची चाचणीही झालीये. २००४ साली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला, ऑडिओच्या शौकिनांनीच ती केली. म्हणजे केबलींचा द्वेष करणारे लोक जमवून केलेली नव्हे. हजार डॉलरहून जास्त किमतीच्या कॉर्ड विरुद्ध डब्यात फुकट येते ती कॉर्ड. एकूण १४९ उत्तरं, त्यांपैकी बरोबर ७३. म्हणजे ४९ टक्के. नाणं उडवलं असतं तरी इतकीच बरोबर आली असती! २००७ साली जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबली साध्या चांगल्या केबलींपासून ऐकून ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. बरीच पत्रापत्री झाली, चाचणी काही झालीच नाही. दहा लाख डॉलर टेबलावर तसेच पडून राहिले.

घरीही करता येईल. मित्राला ॲम्पमागे बसवा. नाणं उडवून त्याने साधी किंवा भारी कॉर्ड लावायची, वर पंचा टाकायचा, काही बोलायचं नाही. तुम्ही सोळा वेळा ओळखायचं. निव्वळ अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आतच असते. तेवढे आले तर पुन्हा एकदा करा. पुन्हा आले तर मला बोलवा, जेवण माझ्याकडून आणि हा सगळा लेख मागे. ऑफिसात बटणाचा रंग हिरवा ठेवायचा की निळा हे ठरवायला आपण महिनाभर ए/बी टेस्ट चालवतो, आणि पन्नास हजारांच्या वायरीला म्हणे 'कानावर विश्वास ठेव'! 'माझ्या मशीनवर चालतंय' असं ज्युनियर म्हणाला तर आपण त्याला काय उत्तर देतो, ते आठवा.

एक गंमत सांगतो. २०१६ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये जपानच्या अशा शौकिनांची बातमी आली होती जे चांगल्या आवाजासाठी घरासमोर स्वतःचा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतात. वाचून आपल्याकडे सगळे हसले. मला मात्र हा माणूस कॉर्डवाल्यापेक्षा जास्त तर्कशुद्ध वाटतो. अतिरेक आहेच, पण निदान त्याने आडापासून सुरुवात केली, पोहरा पॉलिश करत बसला नाही.

तर आता त्या वरच्या जाड पिनेकडे या.

शील्डेड पॉवर कॉर्डची जाळी जोडलेली कुठे असते? अर्थच्या पिनेला. शील्ड जे गोळा करतं ते कुठेतरी वाहून न्यायला लागतं, आणि ती वाट अर्थची. आता आपल्याकडच्या किती जुन्या बिल्डिंगींमध्ये, किती भाड्याच्या फ्लॅटमध्ये सॉकेटला तीन भोकं असतात पण वरच्या भोकामागे वायरच नसते, ते एखाद्या वायरमनला विचारून बघा. अशा सॉकेटमध्ये पन्नास हजारांची शील्डेड कॉर्ड खोचली तर तिची जाळी कुठेच जात नाही. नुसता दागिना. अर्थच नाही त्या शील्डिंगला, दोन्ही अर्थांनी!

वर आणखी कहर म्हणजे यातल्या बऱ्याच कॉर्ड परदेशी प्लगच्या असतात. युरोपियन गोल पिनांचा शुको प्लग आपल्या 'युनिव्हर्सल' सॉकेटमध्ये छान बसतो, पण त्याचं अर्थिंग पिनेत नसून कडेच्या पट्ट्यांमध्ये असतं आणि आपल्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना टेकायला काहीच नसतं. अमेरिकन चपट्या पिनांचा प्लग तर १२५ व्होल्टसाठी बनवलेला. तो ॲडॉप्टर लावून २३० व्होल्टवर चालवायचा, आणि तो ॲडॉप्टर अर्थ पुढे नेतो की नाही हे कोणी बघितलेलंच नसतं. म्हणजे पैसे मोजून आपण काय केलं? डब्यातली नीट तीन पिनांची, आयएसआयवाली कॉर्ड काढली आणि अर्थ नसलेली लावली. अपग्रेड म्हणे!

आणि सगळ्यात घातक सल्ला, जो ऑडिओच्या गप्पांमध्ये सर्रास मिळतो. 'हम येतोय? अर्थची पिन काढून टाक, जाईल.' खरंय, कधीकधी जातो. कारण तो हम बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा असतो. ॲम्प एका सॉकेटमधून अर्थ झालाय, टीव्ही किंवा कॉम्प्युटर दुसऱ्या, किंवा केबलवाल्याची तार पलीकडच्या बिल्डिंगवरून स्वतःचा वेगळा अर्थ घेऊन घरात शिरलीये. दोन अर्थांमध्ये थोडा फरक असतो, मग ऑडिओ केबलच्या शील्डमधूनच करंट वाहू लागतो आणि स्पीकरमधून 'घूंऽऽ'. इथे भारी शील्डिंग काही करत नाही, कारण करंट शील्डमधूनच चाललाय. ही उपकरणांच्या जोडणीतली चूक आहे हे व्यावसायिक ऑडिओवाल्यांना केव्हाच कळलंय. उपकरणाच्या आत शील्ड कुठे जोडायचं यासाठी ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीने २००५ मध्ये एईएस-४८ नावाचं स्टँडर्डच काढलं.

पण पिन तोडली की काय होतं? एरवी काही नाही. म्हणूनच तर सल्ला पसरतो. आणि एक दिवस पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जातं, फेज बॉडीला लागते. अर्थ असता तर मोठा करंट वाहून एमसीबी पडला असता. आता ॲम्पची बॉडी २३० व्होल्टवर उभी आहे, आणि ऑडिओ केबलच्या शील्डमधून तेच व्होल्टेज रेकॉर्ड प्लेयरच्या टोनआर्मपर्यंत आणि तुमच्या डोक्यावरच्या हेडफोनपर्यंत पोचलंय. जीव वाचवायला लावतात तो आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडायला हवा असतो, कारण त्यापुढे हृदयाशी खेळ आहे. हे ३० मिलिअँपिअर म्हणजे किती, तर जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बमधून जायचा त्याच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढा करंट. मघाची ती 'चालतंय' म्हणून सोडून दिलेली झिणझिण आठवतेय? ती खरं तर सांगत असते की तुमच्या सॉकेटला अर्थ नाही. कॉर्डच्या रिव्ह्यूमध्ये 'काळी शांतता' यावर दोन पानं लिहिणारे याबद्दल एक ओळ लिहीत नाहीत, याचा मला राग आहे.

मग करायचं काय? फार काही नाही. लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि हॉलमधल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. नुसत्या मल्टिमीटरवर भागवू नका, तरंगणारी तारही त्यावर व्होल्टेज दाखवते. लोड देऊन तपासायला सांगा. आरसीसीबी आहे का बघा, असेल तर महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. ऑडिओची सगळी उपकरणं एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या म्हणजे अर्थ एकच राहील आणि निम्मे हम तिथेच संपतील. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सचा आवाज ऑप्टिकल केबलने डॅकला द्या. काही शे रुपयांची असते, आणि प्रकाशातून ग्राउंड लूप होत नसतो. केबलवाल्याच्या तारेला आयसोलेटर लावा. पॉवर कॉर्ड साधीच, पण आपल्या सॉकेटची, आयएसआयची आणि घट्ट बसणारी. एवढं करून पन्नास हजारांतले बरेचसे शिल्लक राहतील. त्यांत चांगले स्पीकर घ्या, जाड पडदे लावा, गालिचा घ्या, पुस्तकांचं कपाट भिंतीला लावा. खोलीने जेवढा आवाज बदलतो तेवढा जगातल्या कुठल्याही वायरीने बदलत नाही, आणि हा फरक डोळे बांधूनही ओळखता येतो.

आणि एक. सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत पार्किंग, कुत्री आणि गणपतीची वर्गणी यांवरची भांडणं आटोपली की हात वर करून विचारा, 'आपल्या बिल्डिंगचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे आणि त्याचा रेझिस्टन्स शेवटचा कधी मोजला?' बहुतेक ठिकाणी या प्रश्नावर शांतता पसरेल. अगदी काळी.